फैल तयार हाय काय?

भागीरथाबाईची नोकरी बसण्याची होती. अकोल्याच्या एका जिनाच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला एक खोली लागे. दारावर निळ्या रंगात 'पाळणाघर' असं लिहिलेलं. आत लोखंडी दांड्याला टांगलेले पाळणे, एक माठ, एक सतरंजी आणि भागीरथाबाई. लेकरू एकही नाही.

पन्नासांहून जास्त बाया कामाला असल्या तर त्यांच्या लेकरांसाठी कारखान्यात खोली ठेवावी, असा कायदा होता. म्हणून मालकानं खोली बांधली. भागीरथेचा नवरा देवमन त्याच जिनात रुईच्या गठाणी वाहायचा, म्हणून आया म्हणून तिला ठेवलं. पण बाया लेकरं आणत नव्हत्या. काहींना आपलं मूल बौद्ध बाईच्या हाती द्यायचं नव्हतं, हे खरं. पण जिनाच्या मागं मजुरांची जी वस्ती होती, जिला सगळे फैल म्हणायचे, ती निम्म्याहून जास्त बौद्धांचीच होती. त्याही बाया आणत नव्हत्या.

लेकरं कुठं असतात ते भागीरथेला ठाऊक होतं. फैलात पार्बताबाई नावाची म्हातारी होती. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी बाया तिच्या झोपडीत आपापली तान्ही ठेवून कामावर पळायच्या. ती लेकरं दिवसभर झोपलेली असायची. निघताना आईनं नखावर अफूचा ठिपका घेऊन दुधात कालवून पाजलेला असायचा. सरकारी अफूची दुकानं बंद झाली होती, पण अफू मिळायची बंद झाली नव्हती.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सालच्या हिवाळ्यात कारखान्यांचे इन्स्पेक्टर पाहणीला आले. मुकादम किसनरावनं तासभर आधी पार्बताबाईच्या झोपडीतली लेकरं उचलून आणली आणि पाळण्यांत टाकली.

"वा! अगदी शांत आहेत," इन्स्पेक्टर दारातूनच म्हणाले आणि मॅनेजर वामनरावांबरोबर कापसाचा काटा पाहायला गेले.

त्यांच्याबरोबर इंदूबाई नावाच्या एक बाई आल्या होत्या. अमरावतीच्या कचेरीत त्या कामगारांच्या कल्याणाचं काम बघत. त्या आत आल्या. एका पाळण्यावर वाकल्या. लेकराच्या गालाला बोट लावलं, मग पापणी वर करून पाहिली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"यांना काय दिलंय?"

"पोट भरून दूध देलं, बाईसाहेब," किसनराव म्हणाला आणि साहेबांच्या मागं निघून गेला.

इंदूबाईंनी भागीरथेकडं पाहिलं. भागीरथेनं दाराकडं पाहिलं, आणि सांगून टाकलं.

"अफू देली, ताई. बाया रोजच देते."

इंदूबाई सतरंजीवर तिच्याशेजारी बसल्या. त्या रागावतील असं भागीरथेला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "बडनेऱ्याला आम्ही अशीच एक खोली उघडली होती. दूध आणलं, खेळणी आणली. दोन महिन्यांत तिथं कोळशाची पोती ठेवली गेली. आम्ही लोकांना आधी काही विचारलंच नव्हतं. इथं मी दूध आणीन, दुसऱ्या आयेचा पगारही मिळवीन. पण आधी मला कळायला हवं, फैल तयार आहे का? लेकरांना गुंगवणं वाईट आहे असं किती घरांना वाटतं? वाटत असेल तर थांबवायला कोण पुढं येईल, कोण आडवं येईल? घरोघरी जाऊन विचाराल? शिकवू नका. फक्त विचारा आणि ऐका."

भागीरथा हो म्हणाली. पण नुसतं विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती तोंडानं फटकळ होती, आणि तिचा माणसांवर फार भरवसा होता. चार वर्षांपूर्वी ती आणि देवमन नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. गावी बार्शीटाकळीकडं परतल्यावर घरातले पिढ्यांचे देव तिनं आपल्या हातानं नदीत सोडले होते. जे लोक एका दिवसात देव सोडतात, त्यांना नखाएवढी अफू सोडायला काय लागतं, असं तिला वाटे.

त्याच संध्याकाळी ती मनकर्णेच्या घरी गेली. मनकर्णा रेच्यावर बसायची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रात कापूस घालत राहायची. तिची यशोधरा सात-आठ महिन्यांची होती. मनकर्णा भाकरी थापत होती.

"पोरीले झहर देऊन राहिली तू," भागीरथा दारातूनच म्हणाली.

मनकर्णेचे हात थांबले नाहीत. "तुही पोरं लहान व्हती तवा कोनापाशी व्हती?"

"गावाले. सासूपाशी."

"माही सासू मेली. आता बोल."

मनकर्णेनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ फिरवली. त्यानंतर कित्येक दिवस ती रस्त्यात भेटली तरी मान वळवून जायची.

तेव्हापासून भागीरथेनं तोंडाला आवर घातला. रोज संध्याकाळी दोन-तीन घरी जाऊन बसायची. तूर सोलू लागायची, वाती वळू लागायची, मग हळूच विषय काढायची. ऐकून ऐकून तिचं डोकं फिरायची वेळ आली. अफू वाईट, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचं लेकरू दुसऱ्या वर्षीही उभं राहत नव्हतं, कुणाचं एकदा झोपलं ते उठलंच नव्हतं. पण प्रत्येक घर म्हणे, आम्ही राईएवढीच देतो, जास्त देतात ते पलीकडचे. पलीकडचे अलीकडं बोट दाखवायचे.

विहाराच्या कमिटीचा प्रमुख शेषराव दारूविरुद्ध बोलायला लागला की माणसं खाली माना घालून ऐकायची. तो म्हणाला, "हे बायाईचं काम हाय. तरी पुढच्या बैठकीत काढू." पुढच्या बैठकीत विहिरीचा विषय निघाला, त्याच्या पुढच्या बैठकीत वर्गणीचा.

किसनरावला तिनं जिनातच गाठलं. तो सरळ माणूस होता, त्यानं सरळ सांगितलं. "लेकरू रडलं का बाई उठते. बाई उठली का रेचा रिकामा फिरते. मंग मालक मले इचारते. लेकरू झोपलं असलं का कोनीच कोनाले इचारत नाही."

पार्बताबाईकडं ती मनात राग धरून गेली होती. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर एक, दोन्ही बाजूंना गोधडीवर ओळीनं बाकीची. हातानं चाचपून ती प्रत्येकाचा श्वास बघत होती.

"मले दोन हात हायेत, माय," पार्बताबाई म्हणाली. "तू येऊन बस माह्याजवळ. आजपासून अफू बंद."

भागीरथा घरी आली ती चिडूनच. देवमन अंगणात पाय धूत होता.

"समद्याईले मालूम हाय," ती म्हणाली. "समदे म्हनते, थांबलं पाहिजे. पन कोन थांबवीन म्हनलं का समदे मुके!"

"मंग तू काहून जीव जाळून राहिली?" देवमन म्हणाला. "पगार भेटते ना बसून?"

तिनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि आत निघून गेली.

इंदूबाईंना काय निरोप द्यावा हे तिला सुचत नव्हतं. तेवढ्यात पौषात, हंगाम भरात असताना, एका दुपारी फाटकापाशी आरडाओरडा झाला. पार्बताबाई यशोधरेला छातीशी धरून, ठेचकाळत, जिनापर्यंत आली होती. पोर खोकल्यानं उठून रडत होती म्हणून म्हातारीनं तिला ठिपका दिला होता. सकाळी मनकर्णेनंही दिला होता. आता पोरीचे ओठ निळे पडले होते आणि श्वास मधेच थांबत होता.

भागीरथेनं पोर हिसकून घेतली आणि धावत मॅनेजरच्या खोलीत शिरली. वामनराव एरवी कुणाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. त्यांनी पोरीकडं एकदा पाहिलं आणि आपली मोटार काढायला सांगितली. मनकर्णा रेच्यावरून उठून धावली, आणि तिच्यामागं सगळ्या बाया उठल्या. रेचे रिकामे फिरत राहिले. किसनराव दारात उभा होता, पण त्यानं कुणाला अडवलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीचं पोट धुतलं, तळव्यांना चिमटे काढले, तिला झोपू म्हणून दिलं नाही. बाया बाहेर व्हरांड्यात बसून होत्या. ऊन उतरलं तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला, आधी बारीक, मग चांगला खणखणीत. मनकर्णा पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडायला लागली आणि बाकीच्या बाया हसत होत्या.

दुसऱ्याच दिवशी शेषरावनं विहारात बैठक घेतली. इतर जातीच्या बाया कधी विहाराकडं फिरकत नसत. त्या दिवशी त्याही आल्या, बाहेर लिंबाखाली उभ्या राहिल्या. लेकरांना अफू देणार नाही, असं ज्याला कबूल असेल त्यानं हात वर करावा, असं शेषराव म्हणाला. आतले-बाहेरचे सगळे हात वर झाले. पार्बताबाईनं कमरेची अफूची डबी काढून सगळ्यांदेखत नालीत फेकली. सकाळी पाळणाघरात इतकी लेकरं आली की एकेका पाळण्यात दोन-दोन झोपवावी लागली. लिंबाखाली उभ्या राहिलेल्या बायांचीही त्यात होती. भागीरथेनं अमरावतीला निरोप पाठवला. फैल तयार हाय.

इंदूबाई आल्या, खोली बघून त्यांचा चेहरा फुलला. "दूध पंधरा दिवसांत येईल," असं सांगून त्या गेल्या.

दूध आलं नाही, दुसऱ्या आयेचा पगारही नाही. पावडरचे डबे अमरावतीला येऊन पडले होते, पण एका साहेबांची सही व्हायची होती आणि ते साहेब रजेवर होते. इकडं अफूची सवय तुटलेली लेकरं दिवसभर किंचाळायची. भागीरथा एकाला खांद्यावर घ्यायची, दुसऱ्याचा पाळणा पायानं हलवायची, तिसरं तोवर ओकलेलं असायचं. आई येऊन पाजून गेली तर लेकरू शांत व्हायचं. पण बाई रेच्यावरून उठली की किसनराव तिची अर्धी हजेरी कापायचा. दोन-तीनदा उठणारीला त्यानं सरकी भरायच्या कामावर टाकलं, तिथं मजुरी कमी.

"जेवाच्या सुट्टीत पाजा ना," तो म्हणायचा. "मी काय नाही म्हनतो?"

"तान्ह्या लेकराले भोंगा समजते काय?" भागीरथेनं विचारलं.

ती वामनरावांकडं गेली. पार्बताबाईला दुसरी आया म्हणून घ्या, लेकरांना तिची सवय आहे, असं म्हणाली. ज्या माणसानं मोटार दिली होती तो हाच, असं तिला त्या वेळी पटेना. "जिला डोळ्यांनी दिसत नाही तिला पगार देऊ?" वामनराव म्हणाले. "आणि जरा आवाज कमी ठेवा. ऑफिसात काम करणं कठीण झालंय."

महिन्याभरात पाळणे रिकामे व्हायला लागले. मग एका सकाळी मनकर्णा यशोधरेला घेऊन आली. पोर खांद्यावर लुळी पडली होती. भागीरथेनं पापणी वर करून पाहिली आणि तिच्या अंगाची आग झाली.

"तू बी? दवाखान्यात बसली व्हती ते इसरली काय?"

मनकर्णेनं पोर तिच्यापुढं धरली.

"घरी ने हिले. अशी पोर मी घेनार नाही."

"घरी कोन हाय?" मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, रडकाही झाला नाही. "चार दिवस झाले सरकीवर टाकलं मले. पाचव्या दिवशी फाटकाच्या बाहेर करीन तो. मंग हिले काय पाजू?"

भोंगा झाला. मनकर्णेनं पोर उंबऱ्यावर गोधडीवर ठेवली आणि ती कामावर निघून गेली. भागीरथा थोडा वेळ हात कमरेवर ठेवून उभी राहिली. मग वाकून तिनं पोर उचलली. त्या दिवशी ती पोरीचा श्वास बघत बसली आणि बाकीच्यांच्या रडण्याकडं तिचं लक्षच गेलं नाही.

संध्याकाळी ती तडक शेषरावकडं गेली.

"हात वर केले व्हते ना समद्याईनं?"

"केले व्हते, भागीरथाबाई. म्या पाह्यले. मंग आता मी काय करू? लोकाईच्या घरात घुसू?"

"घुसा! दारूसाठी घुसता तं यासाठी बी घुसा. नाही तं किसनरावले जाऊन सांगा, बाईले पाजाले सोड म्हना. तुमी दहा जन गेले तं तो आयकीन."

शेषरावचे दोन भाऊ त्याच जिनात कापूस वाहायला होते. तो खाली बघत म्हणाला, "त्याईची बी रोजी हाय तथी."

चैत्रात इंदूबाई पुन्हा आल्या तेव्हा खोलीत तीन लेकरं होती. भागीरथेनं पहिल्यांदाच त्यांच्याशी आवाज चढवला.

"तुमी म्हनलं, फैल तयार हाय काय ते पाह्य. पाह्यलं. बाया तयार व्हत्या, ताई. बुढी बी तयार व्हती. मुकादम नव्हता. मॅनेजर नव्हता. तुमचा सहीचा सायब नव्हता. त्याईच्या घरी जाऊन कोनी इचारलं काय? ज्याईच्या हातात काहीच नाही त्याईलेच तयार राहा म्हना लागते काय?"

इंदूबाई सतरंजीवर बसल्या. मग म्हणाल्या, "पाजायला वेळ द्यायचा हेही कायद्यात आहे. मी लेखी हुकूम आणते." आणि त्यांनी तो आणला. उन्हाळ्यात जीन बंद व्हायच्या आधी वामनरावांच्या हातात हुकूम पडला. दुधाचे डबेही त्याच सुमारास आले. त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

दिवाळीनंतर नवा हंगाम सुरू झाला. भागीरथा नवं लुगडं नेसून फाटकाशी गेली, तर पहारेकऱ्यानं तिला आत सोडलं नाही. त्या वर्षी मालकानं बाया कमी घेतल्या होत्या, पन्नासच्या आत. आता पाळणाघर ठेवायची गरज नव्हती, पाजायला वेळ द्यायचीही नव्हती. खोलीत सरकीची पोती लागली होती.

इंदूबाईंनी अमरावतीहून येऊन वामनरावांशी वाद घातला. बाहेर येऊन त्या भागीरथेला म्हणाल्या, "कायद्यात बसतं त्यांचं. मला काही करता येत नाही." त्यांचेही डोळे भरले होते. पण भागीरथेला त्यांची कीव आली नाही. ती घरी गेली आणि नवं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.

दोन दिवस ती घरातून बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी ती पार्बताबाईच्या झोपडीत गेली आणि बसली.

"बंद म्हनलं व्हतं ना तू?" ती म्हणाली. "मी आली. कर बंद."

म्हातारीनं चाचपडत कमरेची नवी डबी काढून तिच्या हातात दिली.

दोघी मिळून लेकरं सांभाळू लागल्या. लेकरांच्या आया जमेल तसं, कुणी पायलीभर ज्वारी, कुणी शेंगा, असं आणून द्यायच्या. पाजण्याचा घोळ मात्र तसाच होता. झोपडी जिनाच्या मागच्या कुंपणाला लागून होती. लेकरू रडलं की आवाज आत ऐकू जायचा, आणि बाया रेच्यावर बसून तळमळायच्या.

देवमन हे रोज बघत होता. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "कापूस आनून टाकनारे गडी बिडी ओढाले उठले तं रेचे तसेही थांबते."

भागीरथेनं घास तसाच हातात धरला. "मंग?"

"मंग काय. सकाळी एकदा अन् दुपारी एकदा उठाले सांगू. समदे एकाच टायमाले. त्याईच्या बिडीचे पैसे कोनी कापत नाही."

कापूस वाहणाऱ्या गड्यांतले काही जण तयार झाले, काही नाही. जे झाले त्यांच्या बाजूच्या रेच्यांवरच्या बाया कुंपणाच्या फटीतून झोपडीत येऊन पाजून जाऊ लागल्या. मनकर्णा त्यांत होती. दुसऱ्या बाजूच्या बायांना ते जमलं नाही. किसनरावला सगळं कळत होतं. एरवी तो कानाडोळा करायचा, पण वामनराव फेरीवर असले की त्याच बायांना सगळ्यांसमोर शिव्या घालायचा. शेषरावनं विहारात भागीरथेचा हार घालून सत्कार करायचं ठरवलं तेव्हा ती गेली नाही. "हार नोको," तिनं निरोप धाडला, "तुमच्या दोन भावाईले बिडी ओढाले लावा."

ते दोघं पुढच्या वर्षी उठायला लागले. तोवर दुसऱ्या बाजूच्या दोन लेकरांची पापणी वर करून बघायची वेळ तिच्यावर पुन्हा आली होती. वर्षं अशीच गेली. पार्बताबाई वारली, मग तिच्या जागी मनकर्णा कधीमधी बसू लागली. यशोधरा उशिरा चालायला लागली, उशिरा बोलायला लागली, पण शाळेत गेली. अमरावतीच्या कचेरीतून इंदूबाईंच्या जागी नवीन बाई आल्या. फैलाची पाहणी करताना त्यांनी भागीरथेला विचारलं, इथले लोक आता जागे झालेत असं म्हणता येईल का?

भागीरथेच्या मांडीवर एक लेकरू होतं, सकाळीच आलेलं, जरा जास्तच शांत.

"थांबा जरासं, बाई," ती म्हणाली. लेकराला खांद्यावर टाकून ती उठली आणि त्याच्या आईला हाक मारत कुंपणाच्या फटीतून जिनात शिरली.